लिंक तुटली की अडवली?

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या होमस्टेच्या साइटवर लिंक-चेकर, म्हणजे लिंका आपोआप तपासणारं टूल, फिरवा, ‘तुटलेली’ म्हणणाऱ्या लाल ओळींची रांगच लागते. त्यातल्या बऱ्याच लिंका ब्राउझरमध्ये निमूट उघडतात. या खोट्या तक्रारींचं एक जुनं मूळ आहे ‘हेड’ विनंती.

अख्खं पान न मागवता नुसते हेडर, म्हणजे पानाबद्दलची वरवरची माहिती, मागायचे, ही ती सोय. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचे नियम म्हणजे एचटीटीपी. त्याच्या १.० आवृत्तीच्या मे १९९६च्या दस्तऐवजात ती आहे, आणि लिंक शाबूत आहे का हे बघायला ती वापरतात असंही तिथेच म्हटलंय. पुढच्या आवृत्तीने सर्वसाधारण सर्व्हरना ‘गेट’ (अख्खं पान मागणारी विनंती) आणि ‘हेड’ दोन्ही सक्तीच्या केल्या. पाळतो कोण? ‘हेड’ विचारलं की कुणी ४०५ (ही विनंती चालत नाही) असा उत्तराचा आकडा देतो, कुणी सरळ ४०४ (पान नाही). तेच पान ‘गेट’ने मागितलं की २००, म्हणजे सगळं ठीक.

मग ‘हेड’ फसल्यावर ‘गेट’ करून बघायचं का, यावर टूल बनवणाऱ्यांत जुना वाद आहे. एका बाजूचं म्हणणं, दुसऱ्याच्या सर्व्हरवर फुकटचा भार नको. आकाराने मोठ्या पीडीएफ असतील तर त्यात तथ्य आहेही. पण हेडर हातात पडताच जोडणी तोडता येते, आणि वाचक पान उघडतो तेही ‘गेट’नेच. मला तरी भाराचा मुद्दा आता लंगडा वाटतो.

नंतर बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, अडवणारे पहारेकरी आले आणि गुंता वाढला. ४०३ म्हणजे सर्व्हर जागा आहे, तुम्हाला आत घेत नाही. ४२९ म्हणजे जरा दमानं घ्या. हा आकडा २०१२ साली अधिकृत झाला. एक मोठी नेटवर्किंग साइट तर ९९९ असा मनचाच आकडा देते. कित्येक टूल या सगळ्यांवर ‘तुटलेली’ असा एकच शिक्का मारतात. काही सरकारी साइट भारताबाहेरून उघडत नाहीत. चेकर परदेशातल्या भाड्याच्या सर्व्हरवर (क्लाउडवर) असला की त्याही मेलेल्या दिसतात. म्हणून मी ४०३ आणि ४२९ वेगळ्या रकान्यात टाकतो आणि घरच्या नेटवरून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघतो. जूनमध्ये लाईट जाते तेव्हा दोन दिवस थांबतो, कारण टाइमआउट, म्हणजे वेळेत उत्तर न येणं, आपल्याकडचाही असू शकतो.

बोटीच्या वेळापत्रकाचं पान मात्र पावसाळ्यात खरोखरच काढलेलं असतं. तिथला ४०४ अस्सल. तरी मी ती लिंक काढत नाही. हंगाम सुरू झाला की पान त्याच पत्त्यावर परत येतं.