गुडघ्याच्या वाटीचा मागोवा

कोकणात गुडघा दुखला की दोष वाटीला जातो. पाखाडी उतरताना कळ आली, लावणी आटोपल्यावर पाय सरळ होईना, की निदान घरातच ठरते : ‘वाट्या गेल्या.’ मुंबईला जाऊन शस्त्रक्रिया करून आलेल्या माणसाबद्दलही गावात ‘वाट्या बदलून आला’ असेच बोलतात. डॉक्टरांच्या कागदावर मात्र ‘पटेला’ असा शब्द असतो. तो लॅटिन आहे आणि आला आहे रोमन स्वयंपाकघरातून.

लॅटिनमध्ये ‘पटिना’ म्हणजे पसरट भांडे. त्याचे लहान रूप ते ‘पटेला’, म्हणजे ताटली किंवा उथळ तवी. रोमन घरांत याच ताटलीतून कुलदेवतांना नैवेद्य दाखवत. इटालियन ‘पादेला’, फ्रेंच ‘प्वाल’ आणि स्पेनचा भातासाठी प्रसिद्ध ‘पाएया’ हे तिघेही तिचेच वंशज, म्हणजे कढई-तव्याच्या घरातले. हाडाला हे नाव कधी चिकटले ते नेमके सांगता येत नसले, तरी इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने ते नोंदवून ठेवले आहे. त्याचे वर्णन आजही वाचण्यासारखे आहे : गुडघ्यावर एक लहान हाड जणू तरंगत असते, ते दुसऱ्या कोणत्याही हाडाला चिकटलेले नाही, मांसाने आणि स्नायुबंधांनी बांधलेले आहे. पाय सैल सोडून बसा आणि दोन बोटांनी वाटी डावी-उजवीकडे हलवून पाहा, सेल्ससला काय म्हणायचे होते ते लगेच कळते. मांडीच्या पुढच्या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, खाली नडगीकडे जातो, त्या कंडरात हे हाड रुतलेले असते. अशा हाडांना वैद्यकात तिळाच्या दाण्यावरून ‘सेसमॉइड’ म्हणतात. तिळाएवढ्या हाडांच्या या कुटुंबात सगळ्यात मोठी हीच.

ग्रीकांना या जागी भांडे दिसले नव्हते, त्यांनी जात्याच्या दगडाचे नाव दिले होते. मध्ययुगात युरोपात ‘रोटुला’, म्हणजे लहान चाक, हा शब्द रुळला. फ्रेंच, स्पॅनिश आणि पोर्तुगीजांनी तोच उचलला. एकाच हाडाची अशी चार-चार नावे झाल्यावर गोंधळ ठरलेलाच. शेवटी 1895 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथे शरीररचनेच्या नावांची एक यादी मंजूर झाली आणि तिच्यात ‘पटेला’ पक्के झाले.

आपल्याकडे सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार केले : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. गुडघ्याचे हाड त्याने कपाल गटात घातले. नितंब, खांदा, गाल, टाळू, शंख (कानशील) आणि डोके यांची हाडेही त्याच गटातली. कपाल म्हणजे खापर, मातीच्या भांड्याचा तुकडा. पुन्हा भांडेच! रोमशी त्याची देवघेव झाली असावी असे मानायचे कारण नाही. हात फिरवला की जे जाणवते त्यालाच दोघांनी नाव दिले, एवढेच. मराठी वाटीही याच रांगेतली, आणि कोकणात ती नारळाशी जोडलेली. नारळ फोडला की दोन वाट्या होतात, आणि पालथी घातलेली वाटी गुडघ्यासारखी दिसते, हे सांगायला वैद्य लागत नाही. गंमत अशी, की हे हाड आतून पोकळ नसतेच. ते भरीव, खाली टोक असलेले, मागच्या बाजूला मधून एक कंगोरा गेलेले असते. बाहेरून जसे हाताला लागते तसे नाव पडले.

‘पटेला’ ऐकून पातेले आठवतेच, आणि पोर्तुगीजांनी हा शब्द चौल-वसईला उतरवला असेल अशी अटकळही बांधली जाते. तिला ठोस आधार नाही. पोर्तुगीजांमार्फत आलेले खरे नाते हवेच असेल तर ते गळ्याजवळच्या हाडाशी आहे. ‘क्लॅव्हिकल’ म्हणजे लॅटिनमध्ये छोटी किल्ली. मूळ शब्द ‘क्लाविस’. त्याचाच पोर्तुगीज अवतार ‘शाव्ह’, आणि आपली चावी त्यावरूनच आली.

समुद्रावरही एक पटेला आहे. 1758 मध्ये लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने खडकाला टोपीसारख्या चिकटून बसणाऱ्या शिंपल्यांच्या एका वंशाला हेच नाव दिले. रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर ओहोटीला दिसणारा त्यांचा भाऊबंद ‘सेलाना रेडिएटा’ पूर्वी ‘पटेला’ म्हणूनच नोंदला गेला होता. लाट आली की तो असा घट्ट बसतो की बोटांनी निघत नाही. गुडघ्यातली पटेला नेमकी उलट, सरकण्यासाठीच ठेवलेली.

त्या सरकण्याचे मोल वैद्यकालाही उशिरा कळले. 1937 मध्ये इंग्लंडमधल्या राल्फ ब्रुक या शल्यविशारदाने मोडलेली वाटी काढूनच टाकावी, तिच्यावाचून गुडघा चांगला चालतो, असे मांडले आणि बरीच वर्षे तसे केले गेले. पुढे लक्षात आले की वाटी कंडराला सांध्यापासून उचलून धरते, म्हणून मांडीच्या स्नायूला जोर मिळतो. ती गेली की पाय सरळ करण्याची ताकद घटते. आता फुटलेली वाटी शक्यतो तारांनी किंवा स्क्रूने जोडतात.

आणि ‘वाट्या बदलल्या’ म्हणतात त्या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे वरचे टोक तासून त्यांवर धातूचे आवरण चढवतात, मध्ये प्लास्टिकची चकती घालतात. वाटी बहुतेक वेळा रुग्णाची स्वतःचीच राहते. तिच्या मागच्या बाजूला प्लास्टिकचे बटण बसवायचे की नाही, यावर मात्र शल्यविशारदांत अजून एकमत नाही.