पित्ताम्ल, आम्लपित्त आणि मधले जिवाणू

रविवारी दुपारी नाशकातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात जाऊन ‘पित्ताची गोळी द्या’ म्हणून बघा. काउंटरवरचा मुरलेला माणूस आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. सकाळची मिसळ छातीशी जळत असेल तर एक गोळी. अंगावर गांधी उठल्या असतील तर दुसरी. हातात पित्ताशयातले खडे दाखवणारा सोनोग्राफीचा रिपोर्ट असेल तर तिसरीच, बहुधा अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड ३०० मिलिग्रॅमची. तीन खण, तीन आजार, आणि मराठीत तिघांनाही पित्तच.

यातलं यकृताचं पित्त फक्त तिसऱ्या गिऱ्हाइकाचं. पहिल्याला छळतंय ते जठरातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड, दुसऱ्याला ॲलर्जीत अंगात सुटणारं हिस्टामिन. आयुर्वेदातलं पित्त ही तर वेगळीच, कितीतरी व्यापक कल्पना; तिला हिरवट-पिवळ्या रसात कोंबण्यात अर्थ नाही. राज्यभरच्या एमबीबीएस आणि बीएएमएस या दोन्ही परीक्षांचा कारभार ज्या शहरातून चालतो, तिथे हा घोळ रोजच्या बोलण्यात असणारच. पण विज्ञानाच्या मराठी लेखनात ‘बाइल ॲसिड’ला ‘पित्ताम्ल’ हा शब्द रुळला आणि गोंधळ पक्का झाला. आम्लपित्त उलटं केलं की पित्ताम्ल! वाचणाऱ्याला वाटतं, हे तेच जळजळवालं. प्रत्यक्षात पित्ताम्ल नावापुरतंच आम्ल. चवीला कडू, आणि काम साबणाचं. तेलकट कढईवर साबण जे करतो, तेच हे आतड्यातल्या चरबीवर करतं.

दुसरा अडचणीचा शब्द ‘दुय्यम’. यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं ती ‘प्राथमिक’ पित्ताम्लं, माणसात मुख्यतः दोन: कोलिक आणि किनोडिऑक्सिकोलिक. आतड्यातल्या जिवाणूंनी त्यांत फेरफार केले की ती ‘दुय्यम’. इंग्रजी शब्दाचा अर्थ एवढाच की ती नंतर येतात. मराठीत मात्र ‘दुय्यम’ म्हटलं की दुय्यम निबंधकाचं कार्यालय आठवतं: हाताखालचं, कमी दर्जाचं. काही जण ‘द्वितीयक’ लिहितात; ते निदान अपमान करत नाही. माझं मत विचाराल तर सरळ ‘जिवाणूंनी घडवलेली’ म्हणावं. कारण मोठ्या माणसाच्या पित्तातल्या पित्ताम्लांचा साधारण पाचवा हिस्सा डिऑक्सिकोलिक या दुय्यम पित्ताम्लाचा असतो, आणि तो यकृताने बनवलेला नसतो. जिवाणूंनी बनवला, आतड्याने परत शोषला, यकृताने पुन्हा पित्तात घातला. याला हाताखालचा कसं म्हणायचं?

शिवाय ही विभागणी प्राणी बदलला की कोसळते. अर्सोडिऑक्सिकोलिक माणसात थोडंसंच सापडतं आणि तेही जिवाणूंची करामत, म्हणून ते दुय्यम. काही पुस्तकांत तर तृतीयक. अस्वलात मात्र ते यकृतातूनच येतं, म्हणजे प्राथमिक. नावातलं ‘अर्सो’ अस्वलाचंच. ‘किनो’ हंसावरून आलं, ‘लिथो’ दगडावरून. लिथोकोलिक हे आणखी एक दुय्यम पित्ताम्ल पहिल्यांदा मिळालं ते वासराच्या पित्ताच्या खड्यात, म्हणजे आपल्याकडे ज्याला गोरोचन म्हणतात त्याच जातीच्या वस्तूत. माणसाच्या खड्यांत ते नावालाच असतं, पण नाव बसलं ते बसलं.

या रेणूंची रचना शोधण्यासाठी एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १९२७ चं नोबेल मिळालं. (रचना थोडी चुकली होती, पाचेक वर्षांनी दुरुस्त झाली.) जिवाणूंचा हात उघड झाला तो १९५० च्या दशकात, मुख्यतः स्वीडनमधल्या प्रयोगशाळांत. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये डिऑक्सिकोलिक सापडेना. काम दोन टप्प्यांचं असतं. यकृत पित्ताम्लाला ग्लायसिन किंवा टॉरिनचं शेपूट जोडून पाठवतं. आतड्यातले पुष्कळ जिवाणू ते शेपूट तोडतात. मग क्लॉस्ट्रिडियम गटातले मोजके जिवाणू रेणूच्या सातव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढून टाकतात. कोलिकचं डिऑक्सिकोलिक होतं, किनोचं लिथो. पहिलं काम कुणीही करतं, दुसऱ्याचे कारागीर थोडे. सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं लहान आतड्याच्या टोकाशीच परत शोषली जातात. मोठ्या आतड्यात उतरणाऱ्या उरलेल्या पाच टक्क्यांवर हा बहुतेक खेळ चालतो.

हे सगळं प्रयोगशाळेबाहेर आलं ते खड्यांमुळे. १९७२ मध्ये अमेरिकेतून बातमी आली की किनोडिऑक्सिकोलिक खायला दिल्यास कोलेस्टेरॉलचे खडे विरघळतात. पोट न फाडता खडा जातो म्हटल्यावर आशा केवढी वाढली असेल! पण जिवाणू मध्ये होतेच. दिलेल्या औषधाचं ते लिथोकोलिक करायचे, आणि लिथो हे माकडांसह काही प्राण्यांच्या यकृताला घातक ठरलेलं. माणसाचं यकृत त्याला सल्फेट चिकटवून बरंचसं बाहेर काढतं, तरी रुग्णांना जुलाब लागायचे आणि यकृताच्या तपासण्यांचे आकडे चढायचे. लवकरच जपानी डॉक्टरांनी अर्सोडिऑक्सिकोलिक पुढे आणलं आणि ते टिकलं. गंमत अशी की जिवाणूंच्या उपद्व्यापाने बदनाम झालेल्या औषधाची जागा ज्या रेणूने घेतली, तो माणसाच्या पोटात जिवाणूच बनवतात. ते सातव्या कार्बनवरचा गट काढत नाहीत, नुसता उलटा फिरवतात.

तरीही गोळीने खडा विरघळणं हे सहा महिने ते दोन वर्षांचं काम. खडा कॅल्शियमचा थर नसलेला आणि कोलेस्टेरॉलचाच हवा, आणि औषध थांबवल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना खडे परत. मुंबईत १९९० मध्ये पित्ताशयाचं पहिलं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. ते गावोगाव पोचलं तसा हा विषय बहुतेकांपुरता मिटला. गोळी उरली ती मुख्यतः यकृताच्या ठरावीक आजारांसाठी. ‘खडा विरघळवून देतो’ हे आश्वासन मात्र अजून मिटलेलं नाही, पाट्यांवर दिसतंच.

१९९९ मध्ये चित्र पालटलं. पित्ताम्लं ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) पेशींच्या केंद्रकात सापडला, म्हणजे हा साबण निरोप्याही निघाला. पित्ताम्लं आतड्याच्या टोकाशी पोचली की तिथून एक संप्रेरक यकृताला सांगतं, ‘आता पुरे.’ जिवाणू पित्ताम्लांचं मिश्रण बदलतात, म्हणून तो निरोपही बदलतो. यावर लठ्ठपणा आणि मधुमेहाबद्दल फार मोठे दावे उभे राहिले. त्यांतले बरेच उंदरांवरचे, आणि उंदराच्या पित्तात म्युरिकोलिक नावाची आम्लं असतात, जी आपल्यात नसतात. अशा दाव्यांवर जाहिरात झालेली प्रोबायोटिकची पाकिटं घेताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

त्या मानाने भक्कम पुरावा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जंतूचा. अँटिबायोटिक्सच्या माऱ्यात सातव्या कार्बनवरचा गट काढणारे जिवाणू मरतात, डिऑक्सिकोलिक घटतं, आणि या जंतूच्या बीजाणूंना रान मोकळं मिळतं. टॉरिनचं शेपूट असलेलं कोलिक त्यांना उगवायला उलट मदतच करतं. २०१५ मध्ये उंदरांवर दिसलं की क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स हा एकच जिवाणू परत दिला तरी बराच बचाव होतो. निरोगी माणसाच्या विष्ठेतल्या जिवाणूंपासून केलेली औषधं अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये मंजूर झाली.

२०२० मध्ये आणखी एक धक्का बसला: जिवाणू पित्ताम्लांना फेनिलॲलनिन, टायरोसिन, ल्युसिन अशा अमिनो आम्लांची नवी शेपटंही जोडतात. २०२४ मध्ये कळलं की तोडणारं आणि जोडणारं विकर (एन्झाइम) एकच. आता यांना दुय्यम म्हणायचं की आणखी काही, यावर एकमत नाही.

आणि औषधाच्या दुकानात चौथं गिऱ्हाईकही येतं. पित्ताशय काढलेलं किंवा लहान आतड्याचं टोक कापलेलं. खाल्लं की शौचाला पळणारं. त्याच्या मोठ्या आतड्यात जास्तीची पित्ताम्लं उतरतात. कोलिक तसं निरुपद्रवी, पण जिवाणू त्याचं डिऑक्सिकोलिक करतात आणि ते आतड्याच्या भिंतीतून पाणी आत ओढून आणतं. यावर पित्ताम्लांना धरून ठेवणारी, पाण्यात कालवून घ्यायची पूड मिळते. त्याच्या तोंडी मात्र पित्ताचं नाव नसतं. ते म्हणतं, ‘पोट बिघडलंय, काहीतरी द्या.’