रेड रिव्हरवरचा स्टीमबोट व्यापार

रेड रिव्हर ही मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या मधून उत्तरेकडे वाहत कॅनडात शिरणारी आणि लेक विनिपेगला मिळणारी प्रेअरीतली, म्हणजे सपाट गवताळ प्रदेशातली नदी. वाफेच्या बोटींचा जोर इथे जेमतेम वीस वर्षं होता, पण तेवढ्यात आजच्या विनिपेगच्या अख्ख्या व्यापाराचं तोंड उत्तरेच्या हडसन बे या उपसागराकडून दक्षिणेला मिनेसोटातल्या सेंट पॉलकडे वळलं, आणि या नदीच्या इतिहासात मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

त्याआधी फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचा माल इंग्लंडहून जहाजाने हडसन बेच्या काठावरच्या यॉर्क फॅक्टरी या ठाण्याला यायचा आणि पुढे वल्ह्यांच्या बोटींनी. दुसरी वाट सेंट पॉलकडची, मेती लोकांच्या (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) बैलगाड्यांची. या गाड्या नुसत्या लाकूड-कातड्याच्या, लोखंडाचा खिळा नाही, आणि वंगणात धूळ बसून आस झिजतो म्हणून वंगणही नाही, त्यामुळे त्यांची करकर लांबूनच ऐकू यायची.

मग सेंट पॉलच्या व्यापाऱ्यांनी रेड रिव्हरवर पहिली स्टीमबोट आणणाऱ्याला बक्षीस लावलं. अॅन्सन नॉर्थप याने मिसिसिपीवरची एक बोट मिनेसोटातल्या क्रो विंगजवळ सुटी केली आणि 1858-59 च्या हिवाळ्यात बॉयलर, इंजिन, लाकूडफाटा सगळं बैल-घोड्यांकडून बर्फातून ओढत रेड रिव्हरवर नेऊन परत जुळवलं. त्याचंच नाव दिलेली ही बोट जून 1859 मध्ये फोर्ट गॅरीला, म्हणजे आजच्या विनिपेगच्या जागी असलेल्या कंपनीच्या किल्ल्याला पोचली.

नदी मात्र सोपी नव्हती. वळणंच वळणं, म्हणून बोटी सपाट तळाच्या, चाक मागच्या बाजूला, जळण म्हणजे काठावर रचून ठेवलेलं लाकूड. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गूस रॅपिड्स या खडकाळ उथळ भागापाशी अडकायचं, हिवाळ्यात तर नदीच गोठलेली. 1862 मध्ये 'इंटरनॅशनल' ही मोठी बोट आली आणि त्याच वर्षी मिनेसोटात डकोटा मूलनिवासी आणि अमेरिकन यांच्यातलं डकोटा युद्ध पेटलं, मग बरीच वर्षं धंदा रखडलेलाच राहिला.

खरी चढाओढ 1871 ला सुरू झाली. सेंट पॉलचे व्यापारी जेम्स हिल यांनी 'सेल्कर्क' बोट उतरवली, हडसन्स बे कंपनीचा कारभार बघणारे नॉर्मन किटसन समोर होते, पण भाडी पाडत बसण्यापेक्षा दोघं लगेच 1872 मध्ये एक झाले आणि मग रेड रिव्हर ट्रान्सपोर्टेशन कंपनी सांगेल ते भाडं. वैतागलेल्या व्यापाऱ्यांनी 1875 मध्ये स्वतःची बोटींची लाइन काढली, तर त्यांची 'मॅनिटोबा' बोट 'इंटरनॅशनल'ची धडक बसून बुडाली. ती वर काढली खरी, पण शेवटी ही लाइनही किटसनच्या कंपनीनेच घेतली. वसाहतीतल्या माणसाला हे भाडं साखर-चहापासून नांगरापर्यंत प्रत्येक वस्तूत भरावं लागायचं, त्यामुळे त्यांचा राग मला रास्तच वाटतो.

तरी बोटींनी आणलं ते कमी नाही. 1874 मध्ये रशियातून आलेले मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी याच बोटींनी उतरले, 1876 मध्ये मॅनिटोबातून (विनिपेग ज्यात आहे तो कॅनडाचा प्रांत) बाहेर गेलेला पहिला गहू, 857 बुशेल (धान्य मोजायचं माप), याच वाटेने गेला. ऑक्टोबर 1877 मध्ये 'सेल्कर्क'ने बार्जवर (ओढून न्यायच्या सपाट तराफ्यावर) 'काउंटेस ऑफ डफरिन' हे कॅनडातल्या प्रेअरीतलं पहिलं रेल्वे इंजिन विनिपेगला आणलं. डिसेंबर 1878 मध्ये सेंट पॉलकडून येणारी रेल्वेलाइन जोडली गेली आणि विनिपेगचा माल रेल्वेवर गेला. दक्षिणेकडे मात्र मोठ्या शेतांवरचा गहू रेल्वेपर्यंत आणायला बोटी पुढेही काही वर्षं चालत राहिल्या.