पुरुष आरोग्य-जागृती (गोवा)

आजार अंगावर बसण्याआधी पुरुषांनी तपासणी करून घ्यावी आणि शरीर-मनाच्या तक्रारींबद्दल वेळेत तोंड उघडावे, यासाठी चालणारे काम. रक्तदाब, मधुमेह व तोंडाच्या कर्करोगाची तपासणी, हृदयविकाराच्या लक्षणांची ओळख, मूत्रमार्गाचे व लैंगिक आरोग्य, दारू-तंबाखू आणि मानसिक ताण हे विषय त्यात येतात. १९ नोव्हेंबर हा आंतरराष्ट्रीय पुरुष दिन १९९९ साली त्रिनिदाद व टोबॅगोत सुरू झाला. त्या निमित्ताने अनेक देशांत या विषयावर कार्यक्रम होतात.

गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौ. किमी. पणजीत १८४२ साली निघालेल्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेचा वारसा आज बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘गोमेकॉ’, चालवते. म्हापशाचे इस्पितळ अजून ‘आझिलो’ आणि मडगावचे ‘हॉस्पिसियो’ म्हणूनच ओळखले जाते. २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे कवच आहे. इतके जवळ असूनही पुरुष दवाखान्यात उशिराच पोचतो. बाईची आरोग्यसेवेशी ओळख बाळंतपणात होते, मुलाच्या लसीकरणात ती पक्की होते आणि सब-सेंटरची नर्स तिला नावाने ओळखू लागते. पुरुषाच्या आयुष्यात शाळेतली लस आणि छातीत पहिली कळ यांच्यामध्ये असा टप्पाच येत नाही. शिवाय ओपीडी सकाळची. त्या वेळी कदंब बसचा चालक स्टिअरिंगवर असतो, दुचाकीवर भाडे मारणारा पायलट स्टँडवर आणि रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारा मच्छीमार, किनाऱ्यावर. तपासणीला जायचे म्हणजे दिवसाची कमाई सोडायची. पुरुष बेफिकीर असतो, असे म्हणून मोकळे होणे सोपे. ओपीडीचे घड्याळ कुणासाठी लावले आहे, हे आधी पाहायला हवे.

याचा पुरावा गोव्याच्याच घराघरांत आहे. जहाजावर नोकरी करणारा तारवटी नियमाने तपासणी करून घेतो. सागरी नियमांनुसार त्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षे चालते आणि त्याशिवाय जहाजावर चढता येत नाही. त्यामुळे रक्त, लघवी, डोळे, कान, रक्तदाब सगळे वेळच्या वेळी बघितले जाते. तोच माणूस निवृत्त होऊन गावी आला की तपासणी थांबते, आणि थांबते ती नेमकी पंचावन्न-साठीच्या सुमारास, तिची सर्वांत गरज असताना. नोकरीने जे करून घेतले ते नंतर करून घेणारे कुणी उरत नाही.

मधुमेहाबाबत गोव्याची स्थिती गंभीर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी ‘इंडियाब’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २० वर्षांवरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. सर्व राज्यांत ते सर्वाधिक होते. उपाशीपोटी साखर १२६ (मि.ग्रॅ./डेसिलिटर) किंवा त्याहून अधिक आली, तर ती तपासणी पुन्हा करून निदान पक्के करतात. पुरुषाची कंबर ९० सें.मी.च्या पुढे गेली की धोका वाढतो, आणि ते पाहायला शिंप्याची टेप पुरते. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीनंतर साखर, रक्तदाब व तोंडाची तपासणी विनामूल्य होते.

रक्तदाब, लोकांच्या भाषेत ‘प्रेशर’, मोजणे सोपे वाटते, पण शिबिरात तो हमखास चुकीचा मोजला जातो. देवळाच्या सभामंडपात टेबल मांडलेले असते. माणूस पायऱ्या चढून येतो, स्कूटरची चावी हातातच असते, चहा नुकताच पोटात गेलेला, आणि शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात. वर शेजारी उभ्या मित्राशी बोलणे चालू. आकडा १६० येतो, माणूस घाबरतो किंवा ‘मशीन बिघडले’ म्हणून उठतो. नीट मोजायचे तर आधी पाच मिनिटे पाठ टेकून गप्प बसावे, अर्ध्या तासात चहा-सिगारेट झालेली नसावी, बाही वर करून दंड छातीच्या पातळीत टेकवावा, पाय जमिनीवर असावेत आणि पट्टा फुगत असताना बोलू नये. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्यावर आकडा राहिला, तरच उच्च रक्तदाब म्हणतात. पाच मिनिटे बसायला एक खुर्ची जास्त मांडली, तरी शिबिराचा दर्जा बदलतो.

छातीत दाटले की गोव्यातला पुरुष आधी गाडा गाठतो आणि लिंबू-सोडा पितो. ‘गॅस झाला’ हे पहिले निदान. घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, जीव घाबरणे ही लक्षणे असली, तर सोडा नव्हे, १०८ची रुग्णवाहिका हवी. राज्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी ‘स्टेमी’ (रक्तवाहिनी पूर्ण तुंबून येणारा गंभीर झटका) प्रकल्प चालतो. आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी गोमेकॉच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जातो आणि गरज असल्यास गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे देता येते. सोड्यात गेलेला तास या व्यवस्थेला भरून काढता येत नाही.

लैंगिक तक्रार ही सर्वांत दडवलेली तक्रार. ताठरता कमी होणे ही अनेकदा हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असल्याने त्या आधी तुंबतात. हृदयाचा त्रास काही वर्षांनी दिसतो. लाजेने जाहिरातीतली गोळी मागवणारा माणूस ही सूचना वाया घालवतो. पन्नाशीनंतर रात्री तीन-चार वेळा उठावे लागणे, धार बारीक होणे हे ‘वय झाले’ म्हणून सोडू नये; बहुधा प्रोस्टेटची साधी वाढ असते, पण ते डॉक्टरने ठरवायचे. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची पीएसए ही रक्ततपासणी प्रत्येकाची करावी असे तज्ज्ञ म्हणत नाहीत, ती बोलून ठरवावी. वृषणाचा कर्करोग मात्र तरुणांना होतो आणि न दुखणारी गाठ हे बहुधा त्याचे पहिले लक्षण असते.

दारूचा विषय गोव्यात नाजूक आहे. काजूच्या हंगामात हुर्राक (काजूरसाची पहिली, सौम्य दारू), पुढे वर्षभर फेणी. भट्टी हा अनेक कुटुंबांचा वंशपरंपरागत धंदा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) गोव्यातील सुमारे ३७ टक्के प्रौढ पुरुषांनी दारू पीत असल्याचे सांगितले. देशात हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास होते. पिणाऱ्याला गावात दोनच नावे असतात, ‘आमचा माणूस’ किंवा ‘बेबदो’, म्हणजे दारुडा. त्यांच्या मधला, म्हणजे कामावर जाणारा पण रोज प्रमाणाबाहेर पिणारा, कुणाच्या नजरेत येत नाही. याच माणसासाठी ‘संगथ’ या गोमंतकीय संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठकांत त्यांच्याशी बोलणे केले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. फरक माफक आहे, पण चार गप्पांनी आलेला आहे.

तंबाखूबाबत गोव्याने वेळीच पावले उचलली. धूम्रपान व थुंकण्यावरील राज्याचा कायदा १९९७ चा आहे, आणि २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखूचा वापर गोव्यात ९.७ टक्के, देशात सर्वांत कमी आढळला.

मनाबद्दल पुरुष बोलत नाहीत, त्याची किंमत मोठी आहे. देशातील आत्महत्यांच्या नोंदींत दहांपैकी सुमारे सात पुरुष असतात. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत जायला ‘लोक काय म्हणतील’ आडवे येते. १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर घरबसल्या मराठीत बोलता येते.

शिबिराची जागा व वेळ यांवर बरेच अवलंबून असते. भजनी सप्ताहात पुरुष रात्रभर देवळात असतात, सायंकाळी फुटबॉलच्या मैदानावर जमतात, पहाटे जेटीवर उतरतात. जेटीवरचे बहुतेक खलाशी ओडिशा, झारखंडसारख्या राज्यांतून आलेले असतात. पाच वर्षे वास्तव्याची अट असलेली दीनदयाळ विमा योजना त्यांच्यातील अनेकांना लागू होत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि हे खलाशी गावी जातात. मे महिन्यात प्रेशरची गोळी सुरू केली, तर ती जूनमध्ये सुटते. तपासणी ऑगस्टमध्ये, ट्रॉलर पुन्हा समुद्रात जाण्याच्या तोंडावर केली, तर पुढचे दहा महिने तोच माणूस त्याच जेटीवर पुन्हा भेटतो आणि मेअखेर निघताना त्याच्या हाती दोन महिन्यांच्या गोळ्या देता येतात.