बचाव उत्खनन (बडोदे परिसर)

धरण, रस्ता किंवा वसाहतीखाली जाणाऱ्या पुरातत्त्वीय स्थळाचे बांधकामापूर्वी केलेले उत्खनन.

बडोदे संस्थानात पुरातत्त्वाचे स्वतंत्र खाते १९३४ च्या सुमारास हीरानंद शास्त्री यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. खर्च गायकवाड सरकारच्या तिजोरीतून होई. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर संशोधनाचा बराचसा भार महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागावर (स्था. १९५०) आला. पहिले विभागप्रमुख बी. सुब्बाराव यांनी अकोटा (प्राचीन अंकोट्टक) येथे उत्खनन केले. तेथील जैन कांस्यमूर्ती प्रसिद्धच आहेत. आता अकोटा शहरात सामावले असून बडोदेकरांना ते नाटकांच्या नगरगृहामुळे अधिक परिचित आहे.

विभागाचे या प्रकारातील सर्वांत महत्त्वाचे काम उत्तर गुजरातेतील शामळाजीजवळच्या देवनीमोरीचे. मेश्वो धरणात बुडणाऱ्या या बौद्ध स्थळाचे उत्खनन १९६० ते १९६३ या काळात र. ना. मेहता व सू. ना. चौधरी यांनी केले. स्तूपात दगडी करंडक (अवशेष ठेवण्याची झाकणाची पेटी), त्यात तांब्याची डबी व तिच्यात सोन्याची कुपी मिळाली. करंडकावरील लेखात ‘कथिक’ राजांचे १२७ वे वर्ष, भाद्रपदातील पाचवा दिवस आणि राजा रुद्रसेन (पश्चिम क्षत्रप घराण्यातील) यांचा उल्लेख आहे. हे वर्ष कोणत्या संवताचे, यावर मतभेद आहेत. शककाल धरल्यास इ. स. २०५ येते व राजा पहिला रुद्रसेन ठरतो. इ. स. २४८-४९ च्या सुमारास सुरू झालेला आभीर-कलचुरी संवत धरल्यास सुमारे ३७५ येते व राजा तिसरा रुद्रसेन ठरतो. शककाल मानल्यास त्याला कथिकांचे नाव का दिले, हे उलगडत नाही. मृण्मय बुद्धमूर्तींची शैलीही उत्तरकालाकडे झुकते, त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शंका आली म्हणून थर पुन्हा तपासावेत, तर स्थळ जलाशयात गेलेले. मदार १९६६ च्या अहवालावर आणि विद्यापीठातील वस्तूंवरच.

केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्याला २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित आहे. शेतातले अघोषित पांढरीचे (जुन्या वस्तीच्या मातीचे) टेकाड या संरक्षणाबाहेर राहते. इंग्लंडमध्ये १९९० पासून उत्खननाचा खर्च बांधकाम करणाऱ्यावर टाकण्याची पद्धत रूढ झाली. भारतात तसा सर्वसाधारण कायदा नाही; विद्यापीठे मुख्यतः सरकारी अनुदानावर अवलंबून असतात. राष्ट्रीय संस्कृती निधी (१९९६) आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा या कामी वापरता येतो, पण देणगीदाराला फलक लावायला उभी वास्तू हवी असते. खापरांच्या पेट्या ठेवायला कोण पैसे देणार?

याउलट उभ्या वास्तू असलेले, बडोद्याच्या ईशान्येचे चांपानेर-पावागढ २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. त्याच्या व्यवस्थापनासाठी गुजरातने २००६ मध्ये स्वतंत्र कायदा केला.