संगणक रीतसर बंद करणे

संगणक रीतसर बंद करणे : चालू संगणकाची वीज एकदम न तोडता ‘शट डाऊन’ची आज्ञा देणे, उघडे प्रोग्रॅम मिटू देणे, रॅममध्ये (वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीत) उरलेली माहिती डिस्कवर उतरू देणे आणि त्यानंतरच वीजपुरवठा बंद करणे.

‘सेव्ह’ केले की फाईल लगेच डिस्कवर गेली, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात वेग राखण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम (विंडोज, लिनक्स यांसारखी संगणक चालवणारी मूळ प्रणाली) ती माहिती काही काळ रॅममध्येच धरून ठेवते. लिनक्समध्ये हा काळ साधारणतः ३० सेकंदांपर्यंत असू शकतो. वीज गेली की रॅम कोरी होते. शिवाय एक फाईल लिहिताना मजकूर, आकारमान, फोल्डरमधील नोंद आणि मोकळ्या जागेचा हिशेब अशा अनेक ठिकाणी लिहावे लागते, आणि हे काम अर्धवट राहिले तर या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. त्यावर उपाय म्हणून विंडोजच्या एनटीएफएस (१९९३) आणि लिनक्सच्या ईएक्सटी३ या डिस्कवर फाईली मांडण्याच्या रचनांत बदलाची नोंद आधी वेगळ्या रोजनाम्यात केली जाते. त्यामुळे डिस्कची रचना बहुधा सावरते, पण अर्धवट लिहिलेला मजकूर परत मिळेलच असे नाही. पेन ड्राइव्हवर सहसा असलेल्या एफएटी३२ रचनेत तर असा रोजनामाच नसतो. त्यामुळे कामकाजाची एकमेव प्रत पेन ड्राइव्हवर ठेवणे विशेष धोक्याचे आहे.

विदर्भाच्या ग्रामीण भागात या गोष्टीला वेगळेच महत्त्व आहे, कारण येथे संगणक बंद करण्याची वेळ अनेकदा माणूस ठरवत नाही. भारनियमन, वळवाच्या वादळात तुटलेली तार, जळालेली डीपी (गावाला वीज देणारे रोहित्र) यांपैकी काहीही कारण पुरते. खरिपात पीकविम्याचे अर्ज भरण्यासाठी सेवा केंद्रात सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक घेऊन शेतकऱ्यांची रांग लागलेली असते, आणि अशा वेळी वीज गेल्यावर यूपीएसची (वीज गेल्यास बॅटरीवर संगणक चालवणाऱ्या उपकरणाची) टूं-टूं ऐकत ‘एवढा एक फॉर्म होऊ द्या’ म्हणण्याचा मोह स्वाभाविक आहे. तो टाळलाच पाहिजे. घरगुती यूपीएस हे काम चालू ठेवण्यासाठी नसून संगणक बंद करण्यापुरती काही मिनिटे मिळवून देण्यासाठी असते. ती मिनिटेही दरवर्षी घटत जातात : शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य तापमानात सुमारे १० अंशांची वाढ झाली की निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे, आणि चंद्रपूर, वर्धा, ब्रह्मपुरीकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पत्र्याच्या खोलीतील यूपीएस दर उन्हाळ्यानंतर तपासून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

संध्याकाळी थेट बोर्डावरचे बटण बंद करण्याची सवयही तितकीच घातक आहे. आधी शट डाऊन, संगणकाचा पडदा काळा होऊन आतला पंखा थांबल्यावर बोर्डाचे बटण, आणि विजा कडाडत असतील तर वीजपुरवठ्याचा प्लग व इंटरनेटची तार दोन्ही काढणे, हा योग्य क्रम होय. संगणक पूर्णपणे अडकला असेल तरच पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे आणि पुन्हा सुरू केल्यावर डिस्कची तपासणी होऊ लागल्यास ती मध्येच थांबवू नये.