डाव्या हाताची तीन बोटं

आईच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. तिन्हींची टोकं ठणठणीत कोरडी, लालसर, आणि त्यांवर बारीक उभ्या भेगा. थंडी पडली की भेगा उलायच्या. भाकरीच्या पिठात मीठ असलं की मळताना तिच्या तोंडून "स्स" निघायचं आणि मग ती उजव्या हातानंच पीठ ओढून घ्यायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. "कामाचा हात आहे, चालायचंच," एवढंच तिचं म्हणणं. कधी हळद-तूप लावायची, कधी कुणी सांगितलं म्हणून लिंबाची फोड चोळायची आणि रात्रभर चुरचुर सोसायची.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "काकू, लसूण कोणत्या हातात धरता?"

लसूण सोलताना उजव्या हातात सुरी असते आणि पाकळी डाव्या हाताच्या याच तीन बोटांत धरलेली असते. लसणातलं डायअलिल डायसल्फाइड नावाचं गंधकयुक्त रसायन काहींच्या त्वचेला सोसत नाही. त्यातून होणारं इसब नेमकं या तीन बोटांच्या टोकांवर उमटतं. डावखुऱ्या माणसात ते उजव्या हातावर दिसतं. हे रसायन बऱ्याच प्रकारच्या हातमोज्यांतूनही आरपार जातं, म्हणून हातमोजे घालून लसूण सोलणं हा भरवशाचा उपाय नाही. पाकळ्या पाण्यात भिजत घालून साल सैल करायची, किंवा सालासकट बत्त्यानं ठेचून मग साल वेगळी काढायची. त्याहून बरं म्हणजे हे काम घरातल्या दुसऱ्या कुणी करायचं. आमच्याकडे ते तेव्हापासून माझ्याकडे आलं.

पण लसूण ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी मोरीत आणि सिंकमध्ये होती, आणि ती बहुतेक घरांतली आहे.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तो एखाद्या भिंतीसारखा आहे असं समजा. चपट्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामध्ये भरलेली स्निग्ध द्रव्यं म्हणजे चुना. या चुन्यात सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं असतात. भिंत शाबूत असली की आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचा साबण, जंतू, मसाले बाहेर राहतात. भांड्यांच्या साबणाचं काम कढईचं तेल सोडवणं. ते कढईचं कुठलं आणि आपल्या त्वचेचं कुठलं, हे त्याला कळत नाही. तो विटांमधला चुनाही धुऊन नेतो. त्यात तारेची घासणी आणि कडकडीत पाणी असलं की भिंतीला भगदाडंच पडतात. पितळी समई घासताना घेतलेली चिंच या भगदाडांतून थेट आत उतरते, म्हणून एवढी झोंबते.

चेहऱ्यावर त्वचेतल्या ग्रंथी थोडंफार तेल सोडत असतात. तळहाताला आणि बोटांच्या आतल्या बाजूला मात्र तेलग्रंथीच नसतात. तिथलं तेल धुतलं गेलं की ते परत आणून देणारं कुणी नाही.

भिंत तुटली की तिथल्या जिवंत पेशी धोक्याचा इशारा देणारी रसायनं सोडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्वचा लाल होते, गरम लागते, खाज सुटते. खाजवलं की आणखी चार विटा निघतात आणि इशारा वाढतो. हे चक्र असं आपणहून थांबत नाही. गरम पाण्याखाली हात धरला की खाज क्षणभर शमते, पण त्याच पाण्यानं कोरडेपणा वाढतो आणि थोड्या वेळानं खाज दुप्पट जोमानं परत येते. थंड पाण्यात भिजवलेला सुती कपडा दहा मिनिटं ठेवला तर खाज थांबते आणि नुकसानही होत नाही.

आता या भिंतीची डागडुजी कशानं करायची? माझं उत्तर अगदी साधं आहे आणि मी ते ठामपणे देतो. बिनवासाची पेट्रोलियम जेली. दहा-वीस रुपयांत मिळणारी छोटी डबी.

ही जेली मूळची तेलविहिरींवरची. 1859 च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल इथे खनिज तेल सापडलं. तिथल्या पंपांच्या दांड्यांना एक मेणचट काळपट पदार्थ चिकटायचा आणि कामगार तो वैतागून खरवडून काढायचे. पण हात कापला किंवा भाजला की तोच लावायचे. रॉबर्ट चेसब्रो या तरुण रसायनतज्ज्ञानं ते पाहिलं, पदार्थ स्वच्छ करत नेला आणि 1872 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. व्हॅसलीन हे नाव त्याचंच.

दीडशे वर्षांनंतरही त्वचेतलं पाणी उडू न देण्यात या जेलीची बरोबरी फार कमी गोष्टी करतात. चांगला थर दिला तर त्वचेतून होणारं बाष्पीभवन ती जवळजवळ पूर्ण रोखते. शिवाय ती नुसती वर बसून राहत नाही, वरच्या थरातल्या फटींत शिरते आणि खालची दुरुस्ती चालू राहते. तिच्यात सुगंध नाही, वनस्पतींचा अर्क नाही, त्यामुळे तिची ॲलर्जी फार क्वचित होते. सुजलेल्या त्वचेला एवढंच हवं असतं. केशर-चंदन-गुलाब घातलेली महागडी क्रीमं निरोगी हाताला आवडत असतील, पण भेगाळलेल्या हाताला त्यातला सुगंधच त्रास देऊ शकतो.

लावायची वेळ महत्त्वाची. हात कोमट पाण्यानं धुतले, टिपून घेतले, पुसताना रगडले नाहीत, आणि थोडा ओलावा असतानाच जेली चोळली. दर वेळी. आणि रात्री जाड थर देऊन वर जुने सुती मोजे. चिकटपणा कुणालाच आवडत नाही, म्हणून दिवसा अगदी पातळ लावावी. एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. जेलीनं माखलेलं कापड झटकन पेट घेतं, म्हणून ते मोजे घालून गॅस किंवा निरांजनाजवळ जाऊ नका.

खोबरेल तेलही चांगलं. त्यातलं जवळजवळ निम्मं मेदाम्ल लॉरिक आम्ल असतं, ते काही जंतूंना आवरतं. पण तेल लवकर पुसलं जातं, म्हणून ते वारंवार लावावं लागतं. सगळी तेलं मात्र सारखी नाहीत. ऑलिव्ह तेलात भरपूर असलेलं ओलेइक आम्ल विटांमधला चुना विस्कटवतं आणि मोहरीच्या तेलानंही भिंतीला इजा होते. लिंबाचा रस तर सरळसरळ आम्ल आहे. शिवाय तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे फोड आणि पुढे काळे डाग येऊ शकतात. खाण्याचा सोडा याच्या उलट टोकाला. आपल्या त्वचेचा सामू पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. सोडा तो बिघडवतो.

भांडी घासताना रबरी हातमोजे, आत सुती हातमोजे. आत घाम साचला की काढून ठेवायचे, नाहीतर हात घामातच भिजत राहतो. आणि अंगठी काढायची. तिच्याखाली साबण अडकतो, आणि कितीतरी बायकांचं इसब तिथूनच सुरू होतं.

घरगुती उपायांची हद्दही सांगायला हवी. एकाच तळहाताची त्वचा सोलते आहे आणि दोन्ही पायांनाही तसंच होतं आहे, तर तो नायटा असू शकतो. बोटांच्या बेचक्यांत खाज, रात्री जास्त, आणि घरातले इतरही खाजवताहेत, तर खरूज. पू, ताप, वाढती सूज असेल तर डॉक्टरांकडे जायला थांबूच नका. आणि मेडिकलमधून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून काहीतरी आणू नका. अशा कित्येक ट्यूबांत तीव्र स्टेरॉइड असतं. नायट्यावर ते लावलं की लाली दोन दिवसांत उतरते, बुरशी मात्र आत पसरत जाते. 2018 मध्ये सरकारनं अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली ती यामुळेच. डॉक्टरांनी इसबासाठी ठरावीक दिवस दिलेलं स्टेरॉइड ही वेगळी गोष्ट. ते बिनदिक्कत लावावं. आईलाही पहिले काही दिवस दिलं होतं.

वरून बरा दिसणारा हात आतून बरा व्हायला काही महिने लागतात. आईच्या भेगा तीन आठवड्यांत मिटल्या, पण मध्येच लग्नघरी चार दिवस भांडी घासली आणि पुन्हा उलल्या. मग ती नियमाला लागली. जेलीची डबी सिंकच्या कट्ट्यावर, तिखटमिठाच्या डब्याशेजारी असते. खिडकीच्या खिळ्याला भांडी घासताना तिची अंगठी लटकलेली असते.